फर्म बायकोची, टेंडर पालिकेचं, खुर्ची तुझी

तुझ्या गळ्यातले हार सुकायच्या आत तू फर्म बायकोच्या नावावर केलीस. हे मला कुणी येऊन कानात सांगितलं नाही. तूच सांगितलंस, माझ्या घरी बसून, आणि सांगताना तुझा आवाज तसूभरही खाली आला नाही. ‘वकिलाला विचारलंय सर, कायद्यात बसतं.’ तुझी आई शेजारी बसली होती. मुलगा निवडून आल्याचा आनंद तिच्या तोंडावर होता, त्यावर पाणी ओतायचं नव्हतं म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे तुला सहावीपासून माहीत आहे. आज बोलतो. तुझं नाव लिहीत नाही, प्रभाग आणि पक्षही लिहीत नाही. पण कंत्राटदारीत पैसा मिळवून सभागृहात जाऊन बसलेल्या, किंवा जायच्या तयारीत असलेल्या, ज्याला ज्याला हे वाचून टोचेल त्याने ते आपल्यालाच लिहिलंय असं खुशाल समजावं.

आधी तुझं ते ‘कायद्यात बसतं’. वकिलाला विचारलंस याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा असतो. पालिकेचा पैसा मी मंजूर करायचा, आणि तोच पैसा फिरून माझ्या घरात यायचा, हे बरोबर आहे का? हा प्रश्न तुला पडलाच नाही. सुटायला वाट कुठून आहे, एवढंच तुला विचारावंसं वाटलं. स्थानिक शासनाचा धडा मी तुला शिकवला तो यासाठी शिकवला नव्हता.

बरं, कायदाच बघू. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारख्या माणसांनी त्यासाठी डोकं झिजवलं. त्याच्या १६व्या कलमात अपात्रता दिल्या आहेत. पालिकेशी किंवा पालिकेच्या वतीने झालेल्या कंत्राटात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, वाटा किंवा हितसंबंध असेल, त्याला नगरसेवक होता येत नाही आणि राहताही येत नाही. तुझ्या वकिलाने ‘भागीदार’ या शब्दावर बोट ठेवलं असणार. बायको काही भागीदार नव्हे. कागदावर तू बाहेर, ती एकटी मालक. झालं काम.

आता त्याच कलमात आणखी खाली ये. अनधिकृत बांधकामाचं उपकलम आहे, ते पुष्कळ नंतर घातलेलं. नगरसेवकाने स्वतः, त्याच्या जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसाने बेकायदा बांधकाम केलं, तर नगरसेवकाचं पद जातं. म्हणजे तुझ्या बायकोने घराला बेकायदा पोटमाळा काढला तर तू घरी बसणार. त्याच बायकोने पालिकेच्या गटाराचं काम घेतलं तर तू सभागृहात बसणार. दोनपेक्षा जास्त मुलं झाली तरी पद जातं. घरात पाळणा किती वेळा हलला हे कायदा मोजतो, पालिकेची बिलं किती आली हे मोजत नाही. विधिमंडळाला ‘जोडीदार’ हा शब्द माहीत नव्हता असं कोण म्हणेल? एके ठिकाणी तो लिहिला, दुसऱ्या ठिकाणी लिहिला नाही. ही फट तू पाडलेली नाहीस, तिचा दोष तुझ्या माथी मारत नाही. पण तिच्यातून अंग चोरून आत शिरलास, ते मात्र तू स्वतः केलंस.

आणि ती फट वकील सांगतो तेवढी रुंद आहे, याची खात्री त्याने कुठून आणली? गोव्यातला निकाल त्याने तुला सांगितला का? तिथल्या एका पंचायत सदस्येच्या नवऱ्याला पंचायतीचं काम मिळालं होतं. कंत्राट नवऱ्याचं, सही नवऱ्याची, तिचा कागदोपत्री कुठे संबंध नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला अपात्र ठरवलं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा आहे. त्याखाली लग्नानंतर नवराबायकोची मिळकत एकत्र धरली जाते, म्हणून नवऱ्याच्या नफ्यात तिचा वाटा आहेच, असं न्यायालय म्हणालं. मुंबईत तो कायदा नाही असं तुझा वकील म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. पण एखाद्याने तुझ्यावर दावा लावला, वाद लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे गेला आणि त्यांनी साधे प्रश्न विचारले, तर काय सांगशील? मिक्सर कुणाचा? डंपरच्या कर्जाला जामीन कोण? गोदामाचं भाडं कुणाच्या खात्यातून जातं? वर्क ऑर्डरसाठी विभाग कार्यालयात पायऱ्या कोण झिजवतं? फर्म तिची असेल तर तिची डिजिटल सही तुझ्या बॅगेत काय करते?

तुझ्या बायकोबद्दल, माझ्या सुनेबद्दल, मला जास्त वाईट वाटतं. तिला तू विचारलंस का? की कागद पुढे केलेस आणि ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणालास? जीएसटीचा नंबर तिच्या नावाने, बँकेचं खातं तिच्या नावाने, टेंडरची अनामत तिच्या नावाने. उद्या काम निकृष्ट निघालं, फर्म काळ्या यादीत गेली, गुन्हा नोंदला गेला, तर पहिली नोटीस तिच्या नावाने येणार. तू सभागृहात ‘माझा काही संबंध नाही’ म्हणून मोकळा. ज्या बाईने तुझ्या प्रचारात दारोदार पत्रकं वाटली तिला तू ढालीसारखं पुढे धरलं आहेस. याला संसार म्हणत नाहीत.

तू म्हणालास, ‘आपण काम चांगलं करतो सर, मग बिघडलं कुठे?’ बिघडलं कुठे ते दाखवतो. कुर्ल्यातल्या कुठल्याही वस्तीतली एक गल्ली डोळ्यांपुढे आण. लादीकरणाचं काम निघतं. अंदाजपत्रकात लिहिलेलं असतं की जुनी लादी उखडायची, राडारोडा उचलून न्यायचा, खाली खडी ठोकून बसवायची, तिच्यावर वाळूचा थर, मग पेव्हर ब्लॉक. उखडण्याचे पैसे वेगळे लावलेले, उचलण्याचे वेगळे. प्रत्यक्षात काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जुन्या लादीवर वाळू पसरतात आणि वर नवी लादी बसवतात. गल्ली चार बोटं वर येते. काही वर्षांनी पुन्हा चार बोटं. उंबरठे होते तिथेच राहतात. मग गल्ली वर आणि घरं खाली, आणि पहिल्या मोठ्या पावसात गल्लीतलं पाणी सरळ स्वयंपाकघरात. घरातली बाई पीठ-तांदळाचे डबे फळीवर चढवते आणि सुपडीने पाणी उपसत बसते. हे मी शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन पाहिलं आहे. तू तर त्यातल्याच एका घरात वाढलास.

हे थांबवायला पालिकेत एक वही असते, मोजमाप पुस्तक. दुय्यम अभियंत्याने टेप घेऊन गल्लीत यायचं, चार ठिकाणचे ब्लॉक उचकटून खाली खडी किती, वाळू किती ते बघायचं, आकडा वहीत लिहायचा आणि सही करायची. त्या आकड्यावर बिल निघतं. कंत्राटदार परका असला तर अभियंता अडू शकतो, भांडू शकतो, आणि कंत्राटदाराने दमदाटी केली तर नगरसेवकाकडे येऊन सांगू शकतो. बिलावर नगरसेवकाच्या बायकोचं नाव असेल तर तो टेप बाहेरच काढणार नाही. तुला त्याला एक शब्दही बोलावा लागणार नाही. उद्या प्रभाग समितीत तूच त्याला उभा करून जाब विचारणार आहेस, एवढं त्याला कळतं. त्यालाही पोरंबाळं आहेत. आणि जिच्या घरात पाणी शिरलं ती बाई तक्रार घेऊन कुठे जाईल? तुझ्याच ऑफिसात, कारण तू तिचा नगरसेवक. पेपर लिहिणारा तू, तपासणाराही तू, आणि गुणांबद्दल तक्रार ऐकायलाही तूच. तुझं काम चांगलं आहे की वाईट हे ठरवणारा माणूसच या व्यवस्थेत उरत नाही. म्हणून ‘आपण काम चांगलं करतो’ या तुझ्या शब्दाला काडीची किंमत नाही.

कंत्राटावर कुणाची नजर नसली की काय होतं, हे कुर्ल्याच्या माणसाला दुसऱ्याने शिकवायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मिठी नदी आपल्या घरात आली. तेव्हापासून दर पावसाळ्याआधी मिठीचा गाळ काढतात, निदान गाळाची बिलं तरी निघतात. त्या कामांबद्दल मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये कंत्राटदार, दलाल आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. आरोप सुमारे ६५ कोटींच्या नुकसानीचा आहे. कोण दोषी ते न्यायालय ठरवेल. पण डंपर खरोखर किती भरले, वजनकाट्यावर किती चढले, गाळ कुठे टाकला, हे वेळीच उभं राहून विचारणं कुणाचं काम होतं?

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यातल्याच स. गो. बर्वे मार्गावर बेस्टची बस गर्दीत घुसली. बस भाडेतत्त्वावर घेतलेली, म्हणजे तीही कंत्राटाचीच. माणसं चिरडली गेली. चालकाला त्या बसचं प्रशिक्षण किती दिवसांचं दिलं होतं, कंत्राटात त्याबद्दल काय लिहिलं होतं, हे प्रश्न सभागृहात विचारायला तेव्हा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. मार्च २०२२ पासून पालिका प्रशासकाच्या हाती होती. जवळजवळ चार वर्षं या शहराने नगरसेवकाविना काढली, आणि १५ जानेवारी २०२६ ला रांगा लावून तुम्हाला निवडून दिलं. मधल्या काळात कुणी विचारणारं नव्हतं म्हणून आता विचारायला पाठवलं. पाठवलेला माणूसच कंत्राटदारांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, तर लोकांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

ज्या रस्त्यावर तो अपघात झाला आणि जिथे पालिकेचं एल विभाग कार्यालय आहे, त्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते सदाशिव गोविंद बर्वे कोण होते, हे तुम्हा निवडून आलेल्यांपैकी किती जण सांगू शकतील? सनदी अधिकारी. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पुणं उभं करण्यात त्यांचा मोठा हात होता. त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि मग ते राजकारणात आले. राज्यात मंत्री झाले. १९६७ मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले आणि काही दिवसांतच गेले. एक खुर्ची सोडून दुसरीवर बसायचं असतं, एवढं तरी त्या पाटीखालून जाता-येता लक्षात ठेव.

आता तू म्हणशील की सर माझ्यावरच का, मोठे लोक काय करतात ते बघा. बघतो. मोठ्यांचं बघूनच तुम्ही शिकता, म्हणून तेही सांगतोच.

१९५२ ची पहिली लोकसभा. भंडाऱ्यातून, तेव्हा तो मध्य प्रदेशात होता, चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. ते विडीच्या एका मोठ्या पेढीत भागीदार होते, आणि त्या पेढीचा सैनिकांच्या कॅन्टीनला विड्या पुरवण्याचा करार केंद्र सरकारशी होता. मोरेश्वर परशराम आणि इतरांनी निवडणुकीला आव्हान दिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. करार सरकारच्या ठरलेल्या नमुन्यात झालेला नाही, म्हणून तो करारच नव्हे, इथपर्यंत युक्तिवाद झाले. १९५४ मध्ये न्यायालयाने ते मानले नाहीत. खासदाराचं हित आणि त्याचं कर्तव्य यांची झटापट होऊ नये म्हणूनच हा नियम आहे, हे न्यायालयाने ठासून सांगितलं. निवडणूक रद्द झाली. त्यानंतर भंडाऱ्यात दोन जागांसाठी जी पोटनिवडणूक झाली, त्यात राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. त्या पोटनिवडणुकीचं नाव सगळ्यांना माहीत असतं. ती का लागली, त्या कारणांत विड्यांचं कंत्राट होतं, हे कुणाच्या लक्षात नसतं. विड्यांच्या कंत्राटावरून खासदारकी जाते, असा कायदा या देशात होता.

होता म्हणतो, कारण पुढे खासदारांनी तो आपल्या मापाने शिवून घेतला. मूळ कायद्यात कंत्राटातला कोणताही वाटा किंवा हितसंबंध धरला जायचा. दुसऱ्याच्या नावावर पण याच्या फायद्यासाठी केलेला व्यवहारही त्यात यायचा, आणि मालासोबत सेवाही यायच्या. १९६६ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात ९अ हे कलम आलं. आता सदस्याने स्वतः, स्वतःच्या धंद्यात, सरकारशी माल पुरवण्याचा किंवा बांधकामाचा करार केलेला असला तरच तो अडकतो. काम त्याच्याकडून पुरं झालं असेल आणि फक्त सरकारकडून पैसे यायचे असतील, तर करार संपला असं समजायचं. बायको, मुलगा, कंपनी यांचं नाव नाही. २०१८ च्या निकालानंतर उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात बायकोच्या, अवलंबितांच्या आणि भागीदारीतल्या सरकारी कंत्राटांची माहिती द्यावी लागते, तेवढं चांगलं झालं. पण ती फक्त लिहायची असते. सोडायचं काहीच नसतं.

त्यातूनच आपलं विधिमंडळ असं भरलं. साखर कारखान्याचा अध्यक्ष आमदार, आणि कारखान्याच्या कर्जाला थकहमी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या सरकारला पाठिंबा देणाराही तोच. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली आणि संस्थाचालक सभागृहात जाऊन बसले. शुल्काचे आणि जागांचे नियम ज्यांनी पाळायचे, तेच ते करायलाही बसले. राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ २०११ मध्ये बरखास्त करून प्रशासक नेमावे लागले, आणि त्या मंडळात सगळ्या मोठ्या पक्षांची माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. मंत्र्यांना एक आचारसंहिता आहे. पद घेतल्यावर धंद्याच्या कारभारातून अंग काढून घ्यावं, सरकारला माल किंवा सेवा पुरवणाऱ्या धंद्याची मालकीही सोडावी, असं ती म्हणते. पण ती संहिता आहे, कायदा नव्हे. मोडली तर कोर्टात कुणाला खेचता येत नाही.

आणि एक उदाहरण मला शिक्षक म्हणून झोंबतं. पुण्यात प्रभात रस्त्यावरचा एक भूखंड प्राथमिक शाळेसाठी राखीव होता. ते आरक्षण तिथून हललं आणि तिथे इमारत उभी राहिली. बांधणारा तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचा जावई. मुख्यमंत्री मनोहर जोशी, स्वतः शिक्षकी पेशातून वर आलेले, मुंबईचे महापौर राहिलेले. १९९९ च्या जानेवारीत त्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं, मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. कंत्राट त्यांच्या नावाचं नव्हतं. जमीन त्यांच्या नावाची नव्हती. मुलांच्या शाळेची जागा मात्र गेली. कागदावर आपलं नाव नाही म्हणजे आपण सुटलो, असं तुला वाटतं, म्हणून हे सांगितलं.

१८८८ च्या कायद्यातलं हे कलम तेव्हाच्या इंग्लंडमधल्या नगरपालिका कायद्याच्या वळणाचं आहे. स्वतः किंवा भागीदारामार्फत, हेच शब्द तिथेही होते. तिथे २०११ मध्ये नवा कायदा झाला. नगरसेवकाच्या जोडीदाराचा आर्थिक हितसंबंध तिथे नगरसेवकाचाच धरतात, तो नोंदवावा लागतो, आणि लपवून मतदानात भाग घेतला तर तो गुन्हा होतो. आपण त्यांचे शब्द घेतले. त्यांनी ते सुधारले, आपण पूजेला लावले.

मानधनाचं रडगाणं तू गायलास. महिन्याला पंचवीस हजारांत ऑफिसचं भाडंसुद्धा निघत नाही म्हणालास. हे खरं आहे आणि ते वाढवा असं मी जाहीर म्हणतो. नगरसेवकाने उपाशी राहावं असं मला वाटत नाही. डॉक्टर असशील तर दवाखाना चालव. किराणा मालाचं दुकान असेल तर गल्ल्यावर बस. वकिली कर, पण पालिकेच्या विरुद्ध किंवा पालिकेच्या बाजूने उभा राहू नकोस. धंद्याला माझा विरोध नाही. पण ज्या पालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं, तिच्या टेबलाच्या एका बाजूला बसून मंजुरीला हात वर करायचा आणि दुसऱ्या बाजूने तोच हात पुढे करायचा, याला मानधन कमी असणं हे कारण होत नाही. राज्य सरकारच्या शिपायालाही १९७९ च्या वर्तणूक नियमांखाली परवानगीशिवाय धंदा करता येत नाही. घरातलं दुसरं कुणी धंदा करत असेल तर तेही त्याने वरिष्ठांना कळवायचं असतं. शिपायाने बायकोची शिलाई मशीन कळवायची आणि तू बायकोचं टेंडर झाकायचं?

मतदारांनाही सोडत नाही. ‘खातो, पण काम करतो’ हे वाक्य कुर्ल्याच्या नाक्यानाक्यावर ऐकून माझे कान किटले आहेत. काम करतो म्हणजे काय? तुमच्याच मालमत्ता कराच्या, तुमच्याच पाणीपट्टीच्या पैशाने, तुमच्याच गल्लीत, तुमच्याच उंबरठ्यापेक्षा उंच लादी बसवतो. वर तुम्ही फ्लेक्स लावून त्याचे आभार मानता. उमेदवाराला जात विचारता, पक्ष विचारता, दहीहंडीला किती देणार ते विचारता. पालिकेत तुझ्या घरच्या कुणाचं काम चालू आहे का, हे एकानेही विचारल्याचं मी ऐकलं नाही. पालिकेच्या भाभा हॉस्पिटलच्या रांगेत तासन्‌तास उभं राहता तेव्हा तरी या प्रश्नाची आठवण व्हायला हवी.

आता काय करायचं ते नीट ऐक. फर्मची चालू कामं कोणती, कुठल्या विभागात, किती रकमेची, हे आयुक्तांना आणि महापौरांना लेखी कळव. नवीन एकही टेंडर भरायचं नाही. बायकोच्या नावाने नाही, मेहुण्याच्या नाही, कामावरच्या सुपरवायझरच्याही नाही. मजूर सहकारी संस्था पुढे करून मागून तू, हेही चालणार नाही. मला कळणार नाही असं समजू नकोस, तुझ्या वर्गातली निम्मी मुलं याच धंद्यात आहेत. फर्मची पालिकेतली कंत्राटदार म्हणून असलेली नोंदणी काढून घे. कंत्राटाचा विषय समितीत आला आणि त्यात तुझ्या नात्यातलं कुणी असलं, तर उठून बाहेर जा आणि का गेलास ते इतिवृत्तात नोंदव. हे जमत नसेल तर नगरसेवकपदाचा राजीनामा दे आणि उजळ माथ्याने कंत्राटदारी कर. त्यातही अब्रू आहे. दोन्ही मात्र मिळणार नाहीत.

आणि सभागृहात ठरावाची सूचना दे की १६व्या कलमात कंत्राटाच्या बाबतीतही जोडीदार आणि अवलंबित यांचा समावेश करावा, आणि कंपनीत नुसते शेअर असले तर पद जात नाही, ही जी सवलत आहे ती निदान घरच्यांच्या कंपनीला तरी मिळू नये, अशी राज्य सरकारला विनंती करावी. सूचना तुझ्या सहीने येऊ दे. बाकीचे हसतील. हसू देत. किती जण विरोधात हात वर करतात ते मोजून ठेव, म्हणजे सभागृहात कंत्राटदार किती बसले आहेत ते शहराला कळेल.

मी महिनाभर थांबतो. त्यानंतर तुझ्या प्रभागातल्या मागच्या तीन वर्षांतल्या सगळ्या वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तकांच्या प्रती आणि ज्यांना बिलं दिली त्यांची नावं मी माहितीच्या अधिकारात मागणार आहे. अर्ज लिहून तयार आहे, दहा रुपयांचा स्टॅम्पही लावला आहे.